रांजणगाव : सुट्टीचा दिवस कुठे घालवायचा?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर असं करत साधारण 50 किलोमीटरवर रांजणगाव गणपती येतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव. दौंडच्या अंगाला भीमेकाठी वसलेलं रांजणगाव सांडस ते वेगळं. रस्त्याला लागून अष्टविनायकांपैकी महागणपतीचं पूर्वाभिमुख देऊळ आहे. त्रिपुरासुराशी लढायला निघण्यापूर्वी शंकराने इथे गणपतीची आराधना केली, अशी या स्थानाची कथा. गाभारा माधवराव पेशव्यांच्या काळातला सांगतात, सभामंडप इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधवला. भाद्रपदात द्वारयात्रेसाठी पालखी आसपासच्या गावांकडे निघते. एवढी ओळख मराठी वाचकाला पाठ असते. पण देवळापासून काही मिनिटांच्या अंतरावर गेल्या तीस वर्षांत दुसरं रांजणगाव उभं राहिलं आहे. ते पाहायला फारसं कोणी थांबत नाही. एमआयडीसीच्या या पंचतारांकित वसाहतीत व्हर्लपूलचे फ्रिज बनतात, एलजीचा कारखाना 2004पासून चालू आहे, 2007मध्ये चिनी हायर कंपनी आली. इटलीच्या कारारोचे अ‍ॅक्सल इथे तयार होतात आणि फियाटच्या कारखान्यातून 2017पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या या गाड्या इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या.

कोरियन, चिनी आणि इटालियन कंपन्या एका तालुक्यात आल्या म्हणजे त्या देशांची माणसंही आली. यंत्रं बसवायला आलेला तंत्रज्ञ काही महिन्यांत परत जातो, पण उत्पादन सांभाळणारा अधिकारी वर्षानुवर्षं राहतो, कधी बायकामुलांसह. त्याच्यासाठी हा परदेश आहे. त्याच वसाहतीत मराठवाडा-विदर्भातून आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले हजारो तरुण काम करतात. कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव इथल्या खोल्यांमध्ये तिघे-चौघे मिळून राहतात, मेसचा डबा लावतात, कंपनीच्या बसने शिफ्टला जातात. पासपोर्ट लागला नाही एवढाच काय तो फरक. भाषा, जेवण, सण, हवा, सगळंच त्यांच्यासाठीही नवं असतं. रांजणगावने या सगळ्यांना काम दिलं. मात्र माणूस नव्या गावात रुजतो तो कामाच्या तासांत नाही. कारखान्याचा दिवस सोलच्या उपनगरात जसा जातो तसाच इथे जातो, कारण फाटकाच्या आत नियम कंपनीचे असतात. साप्ताहिक सुट्टीला तो कुठे जातो, संध्याकाळी कोणाशी बोलतो, मुलं कुठे खेळतात, यावर ते गाव त्याचं होणार की नाही हे ठरतं. या कसोटीवर रांजणगाव कमी पडतं. खंत याची वाटते की लागणारं बहुतेक सगळं या परिसरात असूनही ते कमी पडतं.

परदेशी माणसाच्या स्थायिक होण्याचा आपल्याकडे विचार झाला आहे तो कागदांपुरता. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची. हे काम आता ऑनलाइन होतं. त्याला जागा देणाऱ्याने 24 तासांत त्याची माहिती कळवायची. बहुतेक करार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचे. कामगारांच्या बाबतीत 1948च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टी दिली, अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कँटीन सक्तीचं केलं. ही सगळी व्यवस्था आवश्यक आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. पण मिळालेली सुट्टी घालवायची कुठे, हे कोणत्याच कागदावर नाही. त्याचा परिणाम दिसतोच. बहुतेक परदेशी अधिकारी खराडी, विमाननगर, कल्याणीनगर या भागांत घर घेतात आणि रोज नगर रस्त्यावरच्या कोंडीतून ये-जा करतात. शाळा, बाग, सिनेमा, आपल्या चवीचं जेवण त्यांना तिथे मिळतं. कामगाराला ती सोय परवडत नाही. तो सुट्टीच्या दिवशी कपडे धुतो, झोपतो, मोबाइल पाहतो आणि संध्याकाळी हमरस्त्यावर उभा राहतो.

खरं तर या तालुक्यात सुट्टी घालवण्यासारखं पुष्कळ आहे. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते पाहायला भूगोलाचे विद्यार्थी लांबून येतात. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे फिरत राहून बेसाल्टचा कठीण खडक हजारो वर्षं कोरत गेले आणि पात्रात विहिरीसारखी खोल कुंडं तयार झाली. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे. अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पलीकडचा पारनेरचा. पावसाळा संपता संपता, पाणी उतरू लागलं की खडकाचे कोरलेले आकार सर्वांत चांगले दिसतात. खळग्यांच्या कडा निसरड्या असतात आणि तिथे जिवावर बेतू शकतं, हे मात्र नवख्याला त्याच्या भाषेत कोणीतरी सांगायला हवं. मोराच्या चिंचोलीत सकाळ-संध्याकाळ शेतात मोर फिरताना दिसतात. तिथल्या शेतकऱ्यांनी कृषी पर्यटनाची घरगुती सोय उभी केली आहे, पिठलं-भाकरीचं जेवण मिळतं. चिंचणीला घोड धरणाचा जलाशय आहे. भीमेकाठी वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, कोरेगाव भीमाजवळ 1 जानेवारी 1818च्या लढाईचा जयस्तंभ आहे आणि तिथे दरवर्षी लाखोंचा समुदाय लोटतो. इतिहासात रस असलेल्या परदेशी माणसाला महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल तर या दोन जागांइतकं बोलकं ठिकाण जवळपास नाही. यातलं काहीही दिवसभरात पाहून होण्याजोगं आहे. अडचण आहे ती जाण्या-येण्याची. स्वतःची गाडी नसलेल्याला यातल्या बऱ्याच ठिकाणी जाऊन त्याच दिवशी परतणं सोपं नाही.

परका माणूस इथे मुळात रुजेल का, ही शंका घेणाऱ्यांनी शिरूरचा इतिहास आठवावा. घोडनदी या नावानेही ओळखलं जाणारं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजांची छावणी होतं. इथला सेनाधिकारी कर्नल विल्यम वॉलेस 1809मध्ये मरण पावला, त्याचं थडगं शिरूरलाच आहे. गावकरी त्याला सत्पुरुष मानू लागले, थडग्यापुढे नैवेद्य ठेवू लागले, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपर्यंत पोचली आहे. पुढे अमेरिकन मराठी मिशनने शिरूरला ठाणं केलं. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातलं ते नातं आजच्याशी ताडून पाहता येणार नाही, हे मान्यच. तरीही दूरच्या मुलखातून आलेल्याला आपल्यात सामावून घेण्याची या मातीची ताकद त्यातून दिसते.

गावातच विरंगुळ्याच्या सोयी हव्यात, या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा : रांजणगाव ही कामाची जागा आहे, लोक पैसे कमावून घरी पाठवायला येतात, त्यांना विरंगुळ्याचं काय? मराठी माणसाने स्वतःचाच अनुभव पाहावा. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसंही पैसे पाठवायलाच गेली होती. पण त्यांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या केल्या, खाणावळी चालवल्या, भजनी मंडळं, व्यायामशाळा आणि नाटकं उभी केली. त्यातून परळ-लालबाग त्यांचं झालं. लंडनला गेलेल्या मराठी माणसांनी 1932मध्ये महाराष्ट्र मंडळ काढलं, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांनी 1981मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापलं. नोकरी प्रत्येकाला होतीच. मंडळ लागलं ते गणपती, नाटक आणि आपल्या भाषेतल्या गप्पा यांच्यासाठी. कारखान्याभोवती गाव कसं वसवावं याचंही उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कामगारांच्या घरांबरोबर त्यांच्या मोकळ्या वेळाचाही विचार झाला. त्याच वाडीतून 1920मध्ये सुरू झालेलं मासिक पुढे महाराष्ट्रभर वाचलं गेलं. शंभर वर्षांपूर्वी माळरानावर जे जमलं, ते आज हमरस्त्यावरच्या वसाहतीत का जमू नये?

दुसरा आक्षेप पुण्याचा. पुणे 50 किलोमीटरवर असताना गावात वेगळी सोय कशाला? गाडी आणि चालक असलेल्यांसाठी हे खरं आहे. पण 50 किलोमीटर म्हणजे नगर रस्त्यावर किती तास, हे सणसवाडी-वाघोलीत अडकलेल्या कोणालाही माहीत आहे. पुणे ते शिरूर उन्नत मार्ग आखला गेला आहे. तो झाला तर रांजणगावची माणसं आणखी सहज पुण्याला जातील आणि पगारही तिथेच खर्च करतील. गावाला मिळेल तो फक्त वरून जाणारा रस्ता. तिसरा आक्षेप तीर्थक्षेत्राच्या पावित्र्याचा. करमणूक आली की हॉटेलं, दारू आणि गोंगाट येईल, ही भीती निराधार नाही. पण रिकाम्या हातांना दुसरं काही नसतं तेव्हा दारूचं दुकान लवकर सापडतं. मैदान, वाचनालय आणि तालीम यांनी देवळाचं पावित्र्य कमी होत नाही, आणि महागणपतीच्या दारात आजवर कोणाची भाषा विचारली गेलेली नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र स्थानिकांचा आहे, आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. जमिनी आमच्या गेल्या, कायम नोकऱ्या बाहेरच्यांना मिळाल्या, आता त्यांच्या सुट्टीचीही चिंता आम्ही करायची का? या प्रश्नामागचं दुःख खरं आहे. तरी त्याचं उत्तर सोयी नाकारण्यात नाही. सुट्टीच्या दिवशी जे मैदान ओडिशाचा कामगार वापरेल, तेच कारेगावच्या शाळेची मुलं रोज वापरतील. जिथे कोरियन अधिकारी मराठी शिकेल, त्याच वर्गात गावातली मुलगी कोरियन किंवा इटालियन शिकू शकेल आणि त्या भाषेच्या बळावर कंपनीत ठेकेदाराच्या यादीबाहेरची नोकरी मिळवू शकेल. पुण्यात परदेशी भाषा शिकवण्याची जुनी परंपरा आहे, ती नगर रस्त्याने एवढी पुढे यायला हरकत नाही.

या सोयी होण्यातला अडथळा जबाबदारीच्या हद्दीचा आहे. कारखान्यांची हद्द एमआयडीसीची आणि माणसं राहतात ती वस्ती ग्रामपंचायतींची. वसाहतीचं वैभव एका बाजूला आणि हजारो भाडेकरूंच्या पाण्या-कचऱ्याचा भार दुसऱ्या बाजूला पडतो. या दोन्ही हद्दींत काम करू शकेल अशी संस्था महाराष्ट्राने आधीच निर्माण केलेली आहे. 1953च्या कायद्याने उभं राहिलेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगार, मालक आणि शासन यांच्या वर्गणीवर चालतं. वाचनालयं, व्यायामशाळा, ललित कला भवनं आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा ही त्याची कामं. ज्या वसाहतीतून जगभर माल जातो, तिथे या मंडळाचं सुसज्ज, रात्रीच्या शिफ्टनंतरही उघडं असणारं केंद्र असणं हा कामगारांचा हक्क आहे. त्यासाठी जागा एमआयडीसीने द्यावी, इमारतीचा खर्च कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून उचलावा आणि कारभारात ग्रामपंचायतींना वाटा असावा. सुट्टीच्या दिवशी निघोज, मोराची चिंचोली आणि वढूला जाऊन संध्याकाळी परत आणणारी बस सुरू करायला तर इमारतीचीही वाट पाहावी लागत नाही. शिरूरच्या लोकप्रतिनिधींनी आणि रांजणगावातल्या कंपन्यांनी निदान एवढं काम येत्या भाद्रपदाच्या यात्रेआधी हाती घ्यावं.