दारचा कंदील घरच्या हातांनी

कोजागरीचे चांदणे ओसरू लागते आणि घरोघरी दिवाळीचे वेध लागतात. भाजणीचा दरवळ जिन्यापर्यंत येतो, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरून चिंचेने उजळू लागतात, आणि गृहिणीची यादी दिवसागणिक लांबत जाते. या यादीत अलीकडे काही नवी नावे शिरली आहेत. तयार आकाशकंदील, तयार किल्ला, तयार वाती, तयार वस्त्रमाळा. वस्तू सुबक असतात आणि वेळही वाचतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही सारी कामे एके काळी घरातील मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या वाट्याची होती. ती बाजारातून आणली म्हणजे मुलांच्या वाट्याला सण पाहणे तेवढे उरते, आणि आजोबांच्या हातातील कसब त्यांच्या हातातच राहून जाते.

आपल्या सणांची मांडणी पाहिली, तर त्यांत हातांना काम दिलेले आढळते. हरितालिकेला वाळूचे शिवलिंग स्वतःच्या हातांनी करून पुजतात. नागपंचमीला मातीचा किंवा चंदनाने रेखलेला नाग, पोळ्याला मातीचे बैल, चैत्रगौरीची आरास, संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने, पाडव्याला दारी उभारायची गुढी, असा हा वर्षाचा क्रम आहे. पार्थिव पूजेत तर लिंग घडविणे हे पूजेचेच अंग होय. भक्तीने अर्पिलेल्या पानाफुलाचाही आपण स्वीकार करतो, असे भगवंतांनी गीतेत सांगितले आहे. मग घरातील लेकराने चिकटविलेला कागदी दिवा त्यांना का रुचू नये?

म्हणून यंदा यादीतील निदान तीनचार वस्तू घरीच कराव्यात, असा आमचा वाचकांना आग्रह आहे. पुढे दिलेल्या कृतींना फारसा खर्च नाही, विशेष कौशल्यही नको. सुटीच्या दोन दुपारी मात्र हव्यात.

आकाशकंदील

कार्तिकात आकाशदीप लावण्याची प्रथा जुनी आहे. स्कंद आणि पद्म या पुराणांत कार्तिकमाहात्म्य विस्ताराने आले असून, या महिन्यातील दीपदान पुण्यप्रद मानले आहे. उंच टांगलेला हा दीप देवांसाठी आणि परतीच्या वाटेवरील पितरांसाठी, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. दारच्या कंदिलाचे मूळ या आकाशदीपात आहे, हे मुलांना काम चालू असतानाच सांगावे.

साहित्य असे : बांबूच्या सारख्या जाडीच्या २४ कामट्या, प्रत्येकी १० इंच लांब (दोनचार अधिक असाव्यात), जाड दोरा, दोन रंगांचे पतंगी कागद आणि खळ. कामट्या बुरुडाकडे मिळतात. परगावी वा परदेशी असलेल्या कुटुंबांनी कोणत्याही बारीक, हलक्या लाकडी काड्या घेतल्या तरी चालते. खळीसाठी दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत तो पारदर्शक व दाट होईपर्यंत शिजवावा. निवल्यावर वापरावी.

प्रथम चार चार कामट्यांचे सहा चौकोन बांधावेत. कामट्यांची टोके कोपऱ्यापुढे अर्धा अर्धा इंच राहू द्यावीत, म्हणजे चौकोनाची बाजू ९ इंच होईल आणि गाठ सरकणार नाही. आता चार चौकोन कोनावर उभे करावेत, जणू शंकरपाळीच. त्यांचे आडवे कोपरे शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याशी बांधत गेले की चौघांचे एक कडे तयार होते. या कड्याची चार टोके वर आणि चार खाली येतात. वरच्या चार टोकांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे बांधावेत, खालच्या टोकांना सहाव्याचे. पाहता पाहता मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप उमटतात. ते कोठून आले, हे मुलांना विचारावे. भूमितीचा एवढा रंजक धडा वर्गात क्वचितच मिळतो. कंदिलाची उंची साधारण १३ इंच भरेल.

सांगाडा या वेळी थोडा लचकतो, त्याने धीर सोडू नये. कागद चढला की तो ताठ होतो. म्हणूनच आधी उभे चार चौकोन मढवावेत. कागद सांगाड्यावर ठेवून पेन्सिलीने आखावा, चहूबाजूंनी अर्धा इंच अधिक ठेवून कापावा आणि ती कड कामटीवरून आत दुमडून खळीने चिकटवावी. खळ ओली असतानाच कंदील हातात धरून चारी बाजूंनी न्याहाळावा आणि कोठे तिरका झाला असल्यास सरळ करावा. वाळल्यावर दुसऱ्या रंगाचे आठ त्रिकोण लावावेत. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवावा, म्हणजे दिव्याची उष्णता कोंडत नाही. खालच्या चौकोनाला झिरमिळ्या लावाव्यात, वरच्या चार कोपऱ्यांना चार दोरे बांधून ते मध्ये एकत्र घ्यावेत. बाहेर आलेली कामट्यांची टोके शेवटी छाटावीत.

कागदाच्या कंदिलात पणती अथवा मेणबत्ती कदापि ठेवू नये. कमी उष्णतेचा छोटा एलईडी दिवा मधोमध टांगावा, तो कागदाला टेकणार नाही हे पाहावे, आणि वायरचे काम मोठ्या माणसानेच करावे.

कामाची वाटणी घरातील वयांप्रमाणे होते. कामट्या तासणे आणि चाकू धरणे वडीलधाऱ्यांकडे, गाठी मारणे शाळकरी मुलांकडे, झिरमिळ्या कातरणे व खळ फासणे सर्वांत धाकट्याकडे. आजीने एका जागी बसून कागद दुमडून द्यावेत. ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही असा कोणी घरात उरू नये.

किल्ला

वसुबारसेच्या चारपाच दिवस आधी किल्ल्याचे काम हाती घ्यावे. दगड, विटांचे तुकडे यांचा ढीग रचून त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरावे आणि वरून माती लिंपावी. माती ओली असतानाच उतारांवर हळीव अथवा मोहरी पेरावी. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. हळीव दोनतीन दिवसांत अंकुरते आणि दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा होतो. सदनिकेत राहणाऱ्यांनी मोठी परात किंवा ट्रे घेऊन सज्जात हेच करावे.

डोंगरावर चार बुरूज उभे केले की किल्ला होतो खरा, पण एखादा प्रत्यक्ष गड डोळ्यांपुढे ठेवून तो रचला, तर त्याची गोडी निराळीच. मुलांसाठी राजगड विशेष सोयीचा. मध्ये उंच बालेकिल्ला, आणि त्याच्या पायथ्यापासून तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. एवढी आकृती मातीत सहज उतरते. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी येथे होती. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. राजगड या बारांतच आहे. आपण रचलेला गड जगाच्या यादीत आहे, हे कळल्यावर मुलांच्या मुद्रेवर उमटणारा अभिमान पाहण्याजोगा असतो.

मावळेही घरी करता येतात. शाडूच्या किंवा साध्या चिकणमातीच्या बोटभर उंचीच्या मूर्ती सावलीत दोन दिवस वाळवाव्यात आणि मग रंगवाव्यात. उन्हात ठेवल्यास त्यांना तडे जातात. दिवाळीनंतर किल्ल्याची माती कुंड्यांत जाते आणि दगड अंगणात. काहीही टाकून द्यावे लागत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. मातीच्या किल्ल्याला अशा बंदीची कधी गरजच पडली नाही.

देवघरासाठी वाती आणि वस्त्रे

लक्ष्मीपूजनाच्या तयारीतील हे काम सर्वांत शांत. कापूस स्वच्छ निवडून, सरकी काढून, तो बोटांनी हलका पिंजावा. दुधाचे बोट लावून तळहातावर वळला की लांब वात होते. मधोमध कापसाचा लहानसा पुंजका ठेवून वरचे टोक पिळले की फुलवात. वस्त्रमाळेसाठी कापसाचा लांब पेळू काढावा, ठरावीक अंतरावर तो चिमटीत धरून पिळावा, आणि मधल्या फुगीर मण्यांवर ओल्या कुंकवाचे बोट टेकवावे. पहिली माळ ओबडधोबड होते, पाचवी देवाला घालण्याजोगी होते. आजी ज्या पद्धतीने वळतात ती सुनेने आणि नातीने, नातवानेही, त्यांच्या शेजारी बसून शिकावी. वात वळताना चिमटीवर किती जोर द्यावा, हे शब्दांत सांगता येत नाही. ते हाताला हातच शिकवतो.

नव्या पणत्या वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात, म्हणजे त्या तेल शोषत नाहीत. मग कोरड्या पुसून गेरूने रंगवाव्यात आणि चुन्याचे ठिपके द्यावेत.

दिवसाचा दिवस, हाताचे काम

दिवाळीच्या प्रत्येक दिवसाला असे एखादे काम नेमून देता येते. वसुबारसेला दारी गोपद्मांची रांगोळी मुलींनी आणि मुलांनी मिळून काढावी. मातीची गाय आणि वासरू केले तर अधिकच शोभा. धनत्रयोदशीच्या सायंकाळी यमदीपदान असते. त्यासाठी घट्ट कणकेचा गोळा घेऊन अंगठ्याने मध्ये खळगा करावा, एका बाजूस चिमटीने वातीला जागा द्यावी, आणि दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवावा. अपमृत्यू टळावा म्हणून लावायचा हा दिवा घरच्या कणकेचा असतो, यात केवढा अर्थ भरला आहे! नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात गावोगावी गवत आणि कागद यांपासून केलेले नरकासुराचे पुतळे जाळतात. तेथील मुलांचेही छोटे नरकासुर असतात, आणि ते करण्यात त्यांच्या कित्येक संध्याकाळी जातात. लक्ष्मीपूजनाला उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले उमटवावीत. धाकट्याच्या वळलेल्या मुठीचा ठसा तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून घेतला आणि वर पाच बोटे टेकविली की पाऊल तयार होते. भाऊबीजेच्या औक्षणाचे तबक बहिणीने स्वतः मांडावे, आणि भावाने ओवाळणीचे पाकीट स्वतः करून त्यावर चार ओळी लिहाव्यात.

वेळेचा प्रश्न

घरातील दोघेही नोकरी करणारे, मुलांच्या परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या, त्यात प्रवास आणि पाहुणे. अशा घराने हे सारे कधी करावे, ही शंका रास्त आहे. सर्वच करावे असे कोणीही म्हणणार नाही. एका वर्षी कंदील शिकावा, दुसऱ्या वर्षी वस्त्रमाळ. चकली बाहेरून आणली तर सणाला बाध येत नाही, मग त्या वाचलेल्या दुपारी कामट्या बांधाव्यात. मात्र आणखी एक विचार मनात असावा. कंदिलाची गाठ मारणारे, कापूस वळणारे, ठिपक्यांची रांगोळी पाठ असणारे हात आज बहुतेक घरांत वयाने सर्वांत मोठ्या माणसाचे आहेत. दुकानातील वस्तू पुढच्या वर्षीही मिळेल. त्या हातांजवळ बसण्याची संधी पुढच्या दिवाळीला असेलच, असे कोणी सांगावे?

मुलांनी केलेली वस्तू दारी लावताना मोठ्यांनी एक पथ्य पाळावे. रात्री मुले निजल्यावर ती गुपचूप सुधारू नये, आणि पाहुण्यांपुढे तिची उणीव काढू नये. कंदिलाची एखादी बाजू किंचित कलती असेल, एखादा त्रिकोण सुरकुतलेला असेल. अमावास्येच्या रात्री खालून पाहणाऱ्याला त्यातून प्रकाश तेवढा दिसतो. आणि कंदील वाकडा म्हणून लक्ष्मी उंबऱ्यावरून परत फिरली, असे आजवर कोणाच्या ऐकिवात नाही.