खर्ड्यापूर्वीची तयारी

बीडहून दक्षिणेस निघालेली सडक मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येते आणि तेथून पूर्वेस वळून केज-अंबाजोगाईकडे जाताना नेकनूर लागते. नकाशावर या गावाभोवती बोट फिरवले तर उत्तरेस गोदावरीकाठचे राक्षसभुवन, पूर्वेस दूरवर उदगीर, दक्षिणेस मांजरेचे खोरे आणि नैर्ऋत्येस, त्या काळच्या फौजांच्या दोन-तीन मजलांवर, खर्डा अशी नावे सापडतात. यांपैकी राक्षसभुवन, उदगीर व खर्डा ही तिन्ही मराठे आणि निजाम यांच्या रणांगणांची नावे आहेत. शंभर वर्षे एकमेकांच्या छातीवर बंदूक रोखून बसलेल्या दोन शेजारी राज्यांच्या सीमेवर, किंबहुना दोघांच्याही अंमलात एकाच वेळी, हा टापू नांदत आला. म्हणून शेजाऱ्याच्या भयाने शस्त्रसज्ज होत जाणाऱ्या राज्यांचे अखेर काय होते, हा प्रश्न ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने जर्मनी-फ्रान्सच्या इतिहासाकडे धाव घेण्याआधी बालाघाटाकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खांब आणि काटेरी तारा येतात. अठराव्या शतकातील दख्खनेत सीमा नदीवर नव्हती, डोंगरावर नव्हती, ती वसुलाच्या वहीत होती. 1719 साली दिल्लीच्या बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांनी मिळविल्या, तेव्हापासून एकाच गावच्या एकाच पिकावर मोगलाईचा अमीलही हक्क सांगू लागला आणि पेशव्यांचा कमाविसदारही. निजामुल्मुल्काने ही व्यवस्था मोडण्याचा यत्न केला. बाजीरावाने 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ त्याला पाण्यावाचून कोंडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने तो हक्क पुन्हा मान्य करून घेतला. पाटलाला दोन धनी, कुणब्याला दोन तगादे. आणि एका धन्याने हात आखडला की दुसऱ्याच्या घोडदळाच्या टापा शिवारात. अशा ठिकाणी शांतता हा केवळ दोन हिशेबांच्या मधला अवकाश असतो.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात सांगण्याजोगा आहे. बुसी नावाच्या फ्रेंच सेनानीने हैदराबादकरांना कवायती पायदळ व चपळ तोफखाना यांचे सामर्थ्य दाखविले. त्याच शाळेत तयार झालेला इब्राहिमखान गाडदी पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला आणि 1760 साली उदगीरास निजामावरच त्याच्या तोफा चालल्या. पानिपतानंतर निजामुल्मुल्काचा मुलगा निजामअली याने पुण्यापर्यंत धडक मारली. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनाला, गोदावरीला पूर असताना, निजामअलीच्या फौजेची दोन्ही तीरांवर फाटाफूट झालेली साधून, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासह मागे राहिलेली तुकडी बुडविली. ही लढाई मात्र जुन्या चालीचीच होती. तिच्यात वेग होता, हुलकावणी होती आणि मुलखाची जाण होती.

खरी बदलाची दहा वर्षे ती 1785 ते 1795. मराठ्यांची शक्ती आजवर सिलेदारावर उभी होती. सिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा. दसऱ्याच्या सुमारास नालबंदीची रक्कम उचलावी, सीमोल्लंघन करावे आणि पावसाळ्यापूर्वी घरी परतावे, हा त्याचा वर्षक्रम. पण घोडा हेच ज्याचे सारे भांडवल, तो माणूस तोफांच्या तोंडावर घोडा घालताना शंभरदा विचार करणार, हे उघड आहे. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर त्या दृष्टीने अधिक बेधडक, परंतु त्याच्या पागेचा बारमाही खर्च सरकारच्या माथी. महादजी शिंद्यांनी हा पेच हेरला आणि द बॉयन नावाच्या सावॉय प्रांतीच्या अधिकाऱ्याला 1784 साली प्रथम दोन पलटणी उभारावयास सांगितल्या. 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे या पायदळाने राजपुतांच्या नामांकित घोडदळाला धूळ चारली, तेव्हा हिंदुस्थानातील एकूण एक दरबारांना कळून चुकले की आता कवायती कंपूवाचून, म्हणजे अशा पलटणींच्या फौजेवाचून, गत्यंतर नाही. आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर तोफा-बंदुका घडवू लागला आणि दुआबातील मुलूख कंपूच्या खर्चासाठी तोडून दिला गेला.

शेजारी स्वस्थ कसा बसेल? हैदराबादेत 1786 साली रेमाँ नावाचा फ्रेंच निजामअलीच्या चाकरीत शिरला. त्याचा आरंभ तीनशे शिपायांनी झाला आणि त्यांच्या बंदुकाही त्याने आपल्याच देशाच्या एका व्यापाऱ्याकडून दरमहा आठ आणे भाड्याने घेतल्या होत्या, असे माल्कमने नमूद केले आहे. आठ आणे भाड्याच्या बंदुकीपासून निघालेली ही फौज खर्ड्याच्या वेळी सतरा हजारांवर गेली होती. हैदराबादेत आजही ‘तोप का सांचा’ म्हणून दाखविली जाणारी ओतशाळा त्याच्याच नावाशी जोडली जाते.

तोफ ओतली म्हणजे ती सीमेवर पोहोचली असे मात्र होत नाही. तिला ओढणारे बैल लागतात, दारूगोळ्याचे गाडे लागतात, वैरण लागते आणि लाखभर तोंडांना दाणा पुरविणारे वंजाऱ्यांचे तांडे लागतात. या गोष्टीचा अंदाज कागदावरून येत नाही. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात तो येतो. तेथे बैल घेणारा शेतकरी प्रथम जबडा उघडून दात पाहतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला हे ठरवितो, खांदा चाचपतो, खुरांवरून हात फिरवितो, मग दहा पावले चालवून पाहतो. हेडी आणि दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवितात आणि इतके करून दिवसाकाठी एक जोडी घरी जाते. आता याच पठारावरून शेकड्यांनी तोफा, त्यांमागे बुणगे, आणि प्रत्येक तोफेला बैलांच्या कित्येक जोड्या, त्याही फाल्गुनात, जेव्हा ओढे आटू लागतात आणि कडब्याच्या गंजी कमी होऊ लागतात, हे चित्र मनाशी आणावे. सैन्य जेवढे भारी तेवढे ते पाण्याचे आणि वैरणीचे बंदिवान होते. बाजीरावाचे घोडदळ पालखेडला ज्या जोरावर जिंकले तो जोर दोन्ही राज्यांनी नव्या सुधारणेच्या नादात थोडाथोडा गमावला, असे माझे मत आहे.

युद्धाचे निमित्त हिशेबाचेच होते. टिपूविरुद्ध 1790 साली इंग्रज, पेशवे व निजाम एकत्र आले आणि 1792 मध्ये श्रीरंगपट्टणाहून परतले. पण परतताच पेशव्यांचे कारभारी नाना फडणिसांनी चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीची जुनी वही उघडली. बाकी निघाली सुमारे दोन कोटी साठ लाख. हैदराबादचा दिवाण मशीरुल्मुल्क याने उलट हिशेब मांडले, पुण्याच्या वकिलांची उघड्या दरबारात अवहेलना केली आणि नानांना हजर करण्याची भाषा वापरली. त्याची भिस्त दुहेरी होती: एक रेमाँच्या पलटणी, दुसरी इंग्रजांची मदत. पैकी दुसरी आलीच नाही. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थता पत्करली. इकडे 12 फेब्रुवारी 1794 रोजी महादजी वानवडीस वारले, तरी नानांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन अशा साऱ्या सरदारांस एका निशाणाखाली आणले. मराठमंडळ असे सगळे मिळून पेशव्यांच्या झेंड्याखाली उभे राहिले ते त्यानंतर पुन्हा कधी राहिले नाही. नानांच्या कारभारातील हे सर्वांत मोठे कर्तृत्व मी मानतो.

निजामअली बेदरास तळ देऊन होता. तो मांजरेच्या काठाकाठाने वर सरकू लागला आणि 1795 च्या जानेवारीत पेशव्यांची स्वारी पुण्याहून निघाली. इतिहासकार ग्रँट डफने दिलेले आकडे मोठे आहेत: मराठ्यांकडे पेंढारी सोडून एक लाख तीस हजारांवर माणूस आणि दीडशे तोफा, निजामाकडे एक लाख दहा हजार. शिंद्यांचे पंचवीस हजार, त्यांत द बॉयनचा फ्रेंच दुय्यम पेराँ याच्या हाताखालील दहा हजार कवायती. भोसल्यांचे पंधरा हजार. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे.

मोहरीच्या घाटाने मोगल, म्हणजे निजामाची, फौज खाली उतरली आणि 11 मार्च रोजी खर्ड्याहून परांड्याकडे निघाली असता गाठ पडली. टेहळणीस पुढे गेलेल्या परशुरामभाऊंवर लालखान नावाच्या बलुची पठाणाने वार केला, भाऊ घोड्यावरून पडले, आणि त्यांच्या मुलाने लालखानाला तेथेच ठार केले. पठाणांच्या हल्ल्यापुढे मराठ्यांची एक फळी हटलीही. पण भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव आणि पेराँने उंचवट्यावर मांडलेल्या पस्तीस तोफांचा मारा एकदम सुरू होताच मोगल घोडदळ विस्कळीत झाले. रेमाँचे पायदळ अद्याप तग धरून होते, पेराँच्या कंपूला तोडीस तोड उत्तर देत होते. परंतु नबाब निजामअलीने माघारीचे हुकूम पाठविले, ते पुनःपुन्हा पाठविले, आणि रेमाँला फिरावे लागले. दहा वर्षे घडविलेले शस्त्र ऐन वेळी वापरलेच गेले नाही. नबाबाबरोबर जनानखाना होता आणि त्याच्या घाबरगुंडीने हा निर्णय घडला, असे बहुतेक लेखकांनी लिहून ठेवले आहे.

खरा पराभव रात्री झाला, आणि तो पाण्यावर झाला. घोड्यांना पाणी शोधीत निघालेली मराठ्यांची एक लहानशी तुकडी अंधारात चुकून एका ओढ्यावर गेली. तेथे मोगलांची माणसे होती. त्यांनी गोळी झाडली. ती ऐकून रेमाँच्या पहारेकऱ्यांनी बार काढले. त्या आवाजाने लष्कर जागे झाले आणि गनीम आला या आरोळीसरशी तळ फुटला. सामान तेथेच टाकून नबाब खर्ड्याच्या भुईकोटात शिरला. निंबाळकरांचा तो कोट लहान, चहूकडून टेकड्यांनी वेढलेला, आत पाण्याची टंचाई. सकाळी मराठ्यांनी टेकड्यांवर तोफा चढविल्या. दोन दिवस मारा सोसून नबाबाने बोलणे लावले. परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोटी रुपये, आणि पहिली अट म्हणून ओलीस खुद्द मशीरुल्मुल्क. पुण्यात आनंदाचा कल्लोळ झाला असल्यास नवल नाही. एवढ्या प्रचंड फौजा भिडूनही रणात पडलेली माणसे थोडी होती.

आणि तरीही दोन वर्षांच्या आत या विजयाचे काही उरले नाही. 27 ऑक्टोबर 1795 रोजी पेशवे सवाई माधवराव वारले. गादीच्या भांडणात नानांना महाडास पळावे लागले. आणि परतण्यासाठी जी मदत हवी होती तिचे मोल म्हणून 1796 च्या ऑक्टोबरात खर्ड्याला मिळविलेले सारे निजामास परत देण्याचा करार करावा लागला. ओलीस म्हणून पुण्यास आणलेला मशीरुल्मुल्क त्या कारस्थानांत मानाचा मध्यस्थ होऊन सन्मानाने घरी गेला. पुढच्या वर्षअखेर नानांना दगा देऊन कैद करणारा फिलोज हा शिंद्यांच्याच कंपूचा परदेशी सरदार होता. कंपूंचे पगार थकले, तेव्हा 1798 साली शिंद्यांचा कारभारी सर्जेराव घाटगे याने पुण्याच्या सावकारांना व सरदारांना यातना देऊन पैसा उकळला. ज्या शहराच्या रक्षणासाठी पलटणी उभारल्या, त्याच शहराची लूट पलटणींच्या पगारासाठी व्हावी, यापेक्षा शोचनीय हिशेब आपल्या इतिहासात दुसरा मला आढळत नाही.

हैदराबादची कथा वेगळी नाही. रेमाँ 1798 च्या मार्चमध्ये वारला. सप्टेंबरात निजामाने नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्याशी तह करून सालीना चोवीस लाख सतरा हजार शंभर रुपये खर्चाच्या सहा इंग्रजी पलटणी पत्करल्या, आणि ऑक्टोबरात फ्रेंच फौज मोडण्याची वेळ आली तेव्हा तिच्या शिपायांनी तुंबलेल्या पगारासाठी आपल्याच अधिकाऱ्यांना अडकवून ठेवले होते. लढाईवाचून हत्यारे खाली पडली. पेशव्याने 1802 च्या शेवटच्या दिवशी वसईस तोच मार्ग धरला. 1803 मध्ये शिंद्यांवर प्रसंग येताच पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि पाठोपाठ बरेच गोरे अधिकारीही. असईच्या लढाईत तरीही शिंद्यांच्या तोफांचे गोलंदाज तोफेशेजारी पडेपर्यंत हटले नाहीत, हे इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनीच लिहिले आहे. शिपाई आणि गोलंदाज आपल्या मातीचे होते. हुकूम देणारा, पगार ठरविणारा आणि ऐन वेळी निघून जाणारा तेवढा परका होता.

निजामाच्या नावाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली. नेकनूरहून पूर्वेस जाणारी सडक ज्या अंबाजोगाईस पोहोचते, ते त्या काळी मोमिनाबाद, तेथे तिच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचा खर्च हैदराबादच्या खजिन्याला झेपेना, कर्ज चढत गेले, आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व मांजरेच्या दक्षिणेकडील धाराशिवचा मुलूख तिच्या पगारापोटी इंग्रजांच्या हवाली झाला. धाराशिव व रायचूर 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाड निजामाच्या कारभारात पुन्हा कधी आले नाही.