दांडपट्टा शिकायचाय? आधी वस्ताद पारखा

देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर परिसरात मुलांना लाठी-दांडपट्टा शिकवायचा असेल, तर शिवजयंतीची मिरवणूक नीट बघा. खेळ आवडला की त्या पथकाच्या वस्तादांना गाठा आणि त्यांचा रोजचा सराव बघायला जा. आधी पवित्रा, मग लाठी आणि पट्टा सगळ्यात शेवटी, असा क्रम असेल तर निश्चिंत व्हा. पट्ट्याचं पातं लवचिक असतं, मूठ कोपरापर्यंत झाकलेली. मनगट वळत नाही, म्हणून पूर्ण खांद्यातून फिरवावा लागतो. पहिल्याच दिवशी तो हातात देणाऱ्याकडे मूल पाठवू नका.

आता फीचं. ‘विद्या विकायची नसते’ हे मलाही पटतं. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले, वासुदेव बळवंत फडके घडले. पण तालमींना तेव्हा कुठे राजाश्रय होता, कुठे गावाचा आधार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांचा खुराक सांभाळला. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, तरी वस्तादाला घर चालवावंच लागतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना जमतं त्यांनी दरमहा फी द्यावी, गरिबाच्या पोराला फुकट शिकवावं आणि लाठ्या-पट्ट्यांचा खर्च गणेश मंडळांनी वर्गणीतून उचलावा.

आपल्या भागात कोणी वस्ताद शिकवत असतील, तर त्यांना विचारून इथे कळवा.