मेंदूचे ट्रेनिंग घरी : कर्ज काढण्याआधी

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून कुणी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घरीच ‘न्यूरोफीडबॅक’ सुचवले, तर आधी समजून घ्या. डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी मोजतात. त्या हव्या तशा झाल्या की पडद्यावरचा खेळ पुढे सरकतो. अमेरिकेतल्या २०२१ च्या चाचणीत ७ ते १० वर्षांच्या अतिचंचल मुलांपैकी काहींना खरे, काहींना खोटे ट्रेनिंग दिले. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच झाली. म्हणून कर्ज काढू नका. आधी सरकारी रुग्णालयात निदान करून घ्या, डोळे-कानही तपासा. तरी घ्यायचेच, तर विचारा : फरक न पडल्यास कधी थांबायचे? चालू औषधे मनाने बंद करू नका. टेली-मानस १४४१६ वर सल्ला मोफत मिळतो. तथागतांनी कालामांना हेच सांगितले : पारखा, मगच स्वीकारा.