वर नसलेले असुर

राक्षस नसलेली गोष्ट मुलांना अळणी लागते, हा अनुभव घरोघरचा आहे. राजपुत्र देखणा असो की नसो, राजकन्या रुसो की हसो. श्रोते खरे सरसावून बसतात ते राक्षस आल्यावर. आमच्या दारव्ह्यात ही हौस पूर्वी आजीच्या गोष्टींवर आणि कीर्तनावर भागत असे. नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला गेले की देवीच्या पायाशी पडलेला महिषासुर आजही हातभर अंतरावरून दिसतो. आता मात्र राक्षस दिवाणखान्यातल्या पडद्यावर आले आहेत, आणि त्यांना मारण्याचे काम खुद्द मुलांच्या अंगठ्यांवर येऊन पडले आहे.

गेल्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून आली ती व्हिडिओ गेमचे कन्सोल घेऊनच. चकल्या थंड होत होत्या आणि ही म्हणत होती, "मोठे बाबा, थोडं थांबा ना, एवढा एक राक्षस मारते अन् येते!" खेळाचे नाव 'राजी : अॅन एन्शंट एपिक'. परदेशी असेल असे वाटले होते. पण तो निघाला पुण्याचा! नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या मंडळीने तो रचला. 2017 साली त्यासाठी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही; तरी मंडळी हटली नाहीत. 2020 साली खेळ बाहेर पडला, आणि त्याच वर्षी 'द गेम अॅवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या यादीत त्याचे नाव लागले. पारितोषिक दुसऱ्याला गेले, ती गोष्ट निराळी.

कथा साधी आहे. राजी ही डोंबाऱ्याच्या कसरती करणारी अनाथ मुलगी. असुरांचा सरदार महाबलासुर मुले पळवतो, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलू जातो. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो, आणि ही पोर भावाला सोडवायला निघते. भावाने बहिणीला सोडवावे ही आपल्याकडची जुनी रीत. इथे ती उलटी झाली, याचा आमच्या घरातल्या मुलींना झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला. राजी भिंतीवरून तिरपी धावते, खांबाला गिरकी घेऊन राक्षसाच्या अंगावर येते. आमच्या आठवीतल्या कन्येने दुसऱ्या दिवशी अंगणातल्या पेरूच्या झाडाशी हाच प्रयोग करून पाहिला आणि गुडघा सोलून घेतला.

डोळ्यांचे तर पारणे फिटते. राजस्थानी किल्ले, पहाडी चित्रांसारखे रंग, मध्येच सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेला कथाभाग. वाटेत भिंतींवर चित्रे भेटतात. त्यांच्यापाशी थांबले की देवदेवतांच्या कथा ऐकू येतात. दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलताना ऐकून मराठीच्या मास्तराला थोडे चमत्कारिक वाटले; पण आमच्या विद्यार्थ्यांची पुराणांशी ओळख आज जेवढी उरली आहे ती पाहता मी तेही गोड मानून घेतले.

उणीव दाखवली ती माझ्या आईने. तिचे वय ऐंशीच्या पुढे. बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, "याला वर कोणाचा आहे गं?"

"कसला वर, आजी? मारलं की मरतो."

आईने नुसते "बरं" म्हटले. त्या "बरं"त समीक्षेचे एक प्रकरण होते.

आपल्या पुराणांतला असुर नुसता मारून मरत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. तो आधी तप करतो, देवाला अडचणीत आणून वर मिळवतो, आणि त्या वराच्या शब्दांत कुठेतरी एक फट राहून जाते. हिरण्यकशिपू ना दिवसा मरायचा ना रात्री, ना घरात ना बाहेर. म्हणून नरसिंहाला संध्याकाळ आणि उंबरठा शोधावा लागला. भस्मासुराला मोहिनीने नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावला. रक्तबीजावर तर जितका वार करावा तितके रक्तबीज वाढतात. म्हणजे युद्ध हे मुळात कोडे आहे, आणि ते सोडवताना ऐकणाऱ्याचीही बुद्धी चालते. राजीच्या वाटेवर मात्र एखादे आवार लागते, दारे मिटतात, राक्षसांची टोळी येते, ती ठोकून काढली की दारे उघडतात. पुढच्या आवारात पुन्हा तेच. कोडी आहेत, पण ती निराळी ठेवलेली : चित्राच्या चकत्या फिरवून जुळवायच्या, आणि त्याही सोप्या. कोडे एकीकडे, राक्षस दुसरीकडे! हा संसार एकत्र नांदवला असता तर या खेळाला जगात तोड नव्हती, असे माझे मत आहे.

बाकी उणिवा किरकोळ. खेळ चार-पाच तासांत संपतो, आणि शेवटच्या झुंजीनंतर कथा अशी तोडली आहे की कन्येला वाटले वीजच गेली.

त्या रात्री आईने मुलींना रक्तबीजाची कथा सांगितली. थेंब जमिनीवर पडायच्या आत कालीने प्यायला, इथवर आल्यावर पुतणी उठून बसली. "आजी, म्हणजे एकीनं मारायचं अन् दुसरीनं थेंब झेलायचे? मग हा खेळ दोघींनी मिळूनच खेळावा लागेल!" कोण मारणार आणि कोण झेलणार, यावर दोघींचे जे भांडण जुंपले ते मिटवायला मला उठावे लागले.