गरज कोणी सांगायची? : ई-पीक पाहणीचं उदाहरण

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याने नेमकं काय करायचं, हे ठरवावं लागतं. त्यालाच रिक्वायरमेंट इंजिनिअरिंग म्हणतात. जुनी रीत सोपी होती. ऑफिसात जायचं, साहेबांना विचारायचं, यादी करायची. हेन्री चेसब्रो यांनी २००३ साली ‘ओपन इनोव्हेशन’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की कामाच्या कल्पना संस्थेच्या भिंतीबाहेरही असतात, त्यांना आत येऊ द्या. हेच आपण गरजांच्या यादीला लावून पाहू.

ई-पीक पाहणी आपल्या नागपूर जिल्ह्यातही घरोघरी माहीत आहे. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्यानेच मोबाइलवरून ती करायची, असं ठरलं. महसूल विभागाचं हे अ‍ॅप टाटा ट्रस्टच्या सहकार्याने झालं. लोक वापरू लागले, तशा सूचना येऊ लागल्या आणि २०२२च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली.

त्यात काय बदललं बघा. चुकलेली नोंद शेतकऱ्याला ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करता येऊ लागली. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं टाकता येऊ लागली; आपल्याकडे कपाशीत तूर असतेच की! फोटो काढताना आपण गटापासून किती दूर उभे आहोत, तेही अ‍ॅप सांगू लागलं. तलाठ्याकडे पडताळणी राहिली ती १० टक्के नोंदींचीच.

आम्हाला यातलं ४८ तासांचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘नोंद करता यावी’ एवढं आपण खुर्चीत बसूनही लिहिलं असतं. पण धुऱ्यावर उभं राहून, उन्हात, अंगठ्याने चुकीचं पीक निवडलं जातं, हे त्या अंगठ्याच्या मालकालाच ठाऊक असतं.

आता अडचणीचा भाग. दार उघडं ठेवलं तरी आत येतो तो ज्याच्याकडे फोन आहे आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे. ठेक्याने शेती करणाऱ्याचं काय? अ‍ॅपमध्ये खातेदाराचं नाव निवडावं लागतं. पीक याचं, नोंद दुसऱ्याच्या नावावर, आणि हमीभावाने विकताना विचारला जातो सातबाराच.

म्हणून यादी करताना आम्ही एक रकाना वाढवतो: ‘सांगायला कोण आलंच नाही?’ तो भरायला कळमन्याच्या बाजारात जाऊन बसावं लागतं. अभिप्रायाच्या बटणावर तो माणूस सापडत नाही.