‘मन घट्ट कर’ म्हणजे नेमकं काय कर?

जूनमध्ये लातूरच्या ट्यूशन एरियात रिक्षांतून गाद्या, बादल्या आणि पत्र्याच्या पेट्या उतरू लागतात. अहमदपूर, औसा, निलंग्याकडची पोरं कॉट बेसिसवर खोली घेतात. मुखेड, कंधार, देगलूरची बरीचशी नांदेड गाठतात. निघताना घरच्यांनी बजावलेलं असतं, “मन घट्ट कर, बाकी काही लागत नाही.” पोळ्याच्या आसपास त्याच खोलीत रात्री दीड वाजता रील चालू असतात आणि पोराची खात्री पटते की खोट आपल्यातच आहे. बापाचीही पटते.

शिस्त ज्याच्या अंगात असते त्याच्याच असते, हा यातला सगळ्यात जुना गैरसमज. तो लातुरात टिकावा याची गंमत वाटते, कारण या शहराचं नावच उलट गोष्टीने झालं. जनार्दन वाघमारे ज्याचे पहिले प्राचार्य होते, त्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गेला. त्यात होतं काय? सुट्टीत जादा तास, लवकर संपवलेला अभ्यासक्रम आणि मग बोर्डासारख्याच वातावरणात पुन्हा पुन्हा सराव परीक्षा. दुष्काळी गावांतून आलेल्या मुलांची मनं बाकी महाराष्ट्रापेक्षा घट्ट होती, असा दावा कुणीच केला नाही. कधी काय करायचं हे रोज स्वतःशी भांडून ठरवावं लागू नये, अशी सोय केलेली होती. सोय सुटली की शिस्तही सुटते. दिवाळीत गावाकडे गेलेला टॉपर दुपारी बारापर्यंत लोळतो तो यामुळेच.

आत्मसंयम ज्यांचा चांगला, ती माणसं सतत मोहाशी झुंजत असतील असं आपण धरून चालतो. जर्मनीत 205 प्रौढांना दिवसभरात अनेकदा विचारून एक अभ्यास झाला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. संयमी माणसांना मोह आवरण्याची वेळच कमी येत होती, असं त्यात दिसलं. मोह समोर येणारच नाही अशा बेताने ती राहत असावीत, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

आता खोलीकडे बघा. तीन कॉट, एकच बोर्ड, तोही उशाशी. बोर्डात चार्जर, चार्जरला मोबाईल, आणि मोबाईलमध्येच क्लासच्या नोट्स, टेस्टचा निकाल, आईचा फोन अन् रील. अभ्यासाचं साधन आणि टाइमपासचं साधन एकच असताना “मोबाईलला हात लावायचा नाही” ही शपथ दुसऱ्या दिवशीच मोडणार, त्यात नवल नाही. शपथेपेक्षा झेरॉक्सच्या दुकानात काढून आणलेल्या नोट्स कामाला येतात. गजराचं साधं घड्याळ घेतलं की “उठायला मोबाईल लागतो” ही सबब जाते. चार्जर दाराजवळ, नाहीतर थेट शेजारच्या खोलीत गेला की रात्री दीडला उठून तिथवर जावं लागतं, आणि बहुतेकदा तेवढा कंटाळा पुरतो.

“एकवीस दिवस कर, सवय लागते,” हे प्रत्येक प्रेरणादायी भाषणात असतंच. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून हा आकडा पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला. तिथे सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असं दिसलं. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवसांचा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशीही अभ्यासाला बसणं जड जात असेल, तर बिघडलं काहीच नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, पण ती भाषणात येत नाही. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मात्र संकल्पाला व्रताचे नियम लावतात. एकदा मोडला की सगळं पाण्यात, मग पुढच्या सोमवारी, नाहीतर एक तारखेला नव्याने नारळ. नुकसान चुकलेल्या मंगळवारने होत नाही, सोमवारची वाट बघण्यात गेलेल्या पाच दिवसांनी होतं.

पहाटे चारला उठणाराच पुढे जातो, याबद्दल थोडक्यात. किशोरवयात शरीराचं झोपेचं घड्याळच उशिरा सरकतं आणि या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. बाराला झोपून चारला उठणाऱ्याचं कौतुक होतं आणि तो दहाच्या तासाला पेंगतो.

वाईट सवयींबाबत दोन टोकांचे गैरसमज आहेत. “एकदा नादी लागला की गेला कामातून,” हा पहिला. व्हिएतनाम युद्धात तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. हे सगळे परत येऊन काय करणार, अशी तिकडच्या सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा मागोवा घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम 5 टक्के. माणसं तीच होती. जागा, सोबत आणि माल मिळण्याची सोय बदलली होती.

दुसरं टोक म्हणजे “मनात आणलं तर उद्या सोडीन.” तंबाखूपुढे हे फार वेळा हरतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, त्यातले बहुतेक खाणारे. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. तरी पुडी कुठे मिळते हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. “चुना लावून चिमूट धरली की झोप उडते, अभ्यास होतो,” असं पोरं सांगतात. सवय लागलेल्याला वाटणारी तरतरी बरीचशी उसनी असते. निकोटीन उतरल्यावर आलेली बेचैनी पुढच्या चिमटीने तेवढ्यापुरती शमते आणि त्यालाच तो एकाग्रता म्हणतो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढे काही आठवड्यांत ते ओसरतं. म्हणून उद्या टेस्ट असताना आज सोडण्यात शहाणपणा नाही. टेस्ट झाल्यावरची तारीख धरावी.

“मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही,” हेही नेहमी कानावर येतं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. तिच्याने गालाची आतली कातडी ताठर होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेना होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे कॉटवर बसल्या बसल्या बघता येतं. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला परीक्षा संपायची वाट बघू नये.

सोडायला मदत घेणं हा कमीपणा नाही, हे घरच्यांनाही सांगावं लागतं. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्नच नाही. तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लावायचा. तो रात्रीही लागतो.